बियांच्या वाटा आणि परतणारे रान

महाराष्ट्रात जंगल वाढवण्याचा हिशेब गेली अनेक वर्षे रोपांच्या संख्येत मांडला जात आहे. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचे लक्ष्य 2016 साली 2 कोटी होते, ते 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटींवर गेले. या वाढत्या आकड्यांमागे एक गृहीत आहे: उघड्या पडलेल्या उतारावर झाडे नाहीत, कारण ती अजून कोणी लावलेली नाहीत. सह्याद्रीच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे, कारण या डोंगररांगेतील सदाहरित आणि पानगळी जंगले माणसाने लावलेली नव्हती आणि तोड थांबल्यावर ती अनेक ठिकाणी कोणीही न लावता परत उभी राहू लागली आहेत. म्हणून खड्डा खणण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या जागी रान आपणहून परत येत नसेल, तर ते नेमके कशामुळे अडले आहे? तेथे बी पोचत नाही, की बी पोचते पण रोप जगत नाही? या दोन अडचणींवरचे उपाय निरनिराळे आहेत, आणि दुसरी अडचण असलेल्या जागी पहिलीवरचा उपाय केला तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात.

तोडलेले रान तीन मार्गांनी परत येते. पहिला मार्ग फुटव्याचा. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांसारखी झाडे बुंध्यापासून तोडली तरी खोडाच्या बुडख्यातून नवे धुमारे फुटतात आणि मुळे आधीच खोल गेलेली असल्यामुळे हे धुमारे बियांपासून आलेल्या रोपांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. अशी मालकीची राने सरपणासाठी आणि कोळशासाठी ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तोडली जात आली, तरी ती हिरवी राहिली याचे श्रेय या फुटव्यालाच आहे. मात्र प्रत्येक तोडीगणिक काही बुडखे मरतात, ज्या जाती फुटत नाहीत त्या गळत जातात आणि फळे धरण्याच्या वयाला झाड पोचण्याआधीच पुढची कुऱ्हाड पडते. त्यामुळे रान दुरून दाट दिसले तरी त्यातील जातींची संख्या घटत राहते.

दुसरा मार्ग मातीतील बीजसाठ्याचा, म्हणजे जमिनीत पडून राहिलेल्या, अनुकूल वेळ येताच रुजणाऱ्या बियांचा. येथे सदाहरित जंगलाची मोठी अडचण पुढे येते. ई. एच. रॉबर्ट्स या बीजशास्त्रज्ञाने 1973 साली बियांचे दोन वर्ग सांगितले: वाळवून थंड जागी वर्षानुवर्षे साठवता येणाऱ्या बिया, आणि वाळल्या की मरणाऱ्या बिया. जांभूळ दुसऱ्या वर्गातले आहे. मे-जूनमध्ये पिकून पडलेले त्याचे बी काही आठवड्यांत रुजले नाही तर कायमचे गेले. घनदाट जंगलातील मोठ्या बियांच्या कित्येक वृक्षांची हीच गत असते, त्यामुळे जमिनीत टिकून राहणारा साठा मुख्यतः गवतांचा, तणांचा आणि उघड्या जागी झपाट्याने वाढणाऱ्या थोड्या झाडाझुडपांचा असतो. एकदा जंगल जाऊन काही पावसाळे उलटले की मातीत जुन्या रानाची आठवण जवळजवळ उरत नाही.

म्हणून सगळा भार तिसऱ्या मार्गावर येतो, आणि तो म्हणजे बाहेरून येणारे बी. एखाद्या जागेवर ठरावीक काळात वारा, पाणी, पक्षी आणि प्राणी यांच्याकडून जेवढे बी येऊन पडते त्याला परिसंस्थाशास्त्रज्ञ बीजवर्षाव म्हणतात. ऐन आणि किंजळ यांची पंख असलेली फळे, बिबळ्याच्या चकत्या, सावरीचा कापूस आणि सातविणीचे केसाळ बी वाऱ्यावर जाते. कोरड्या पानगळी जंगलांत अशा जाती बऱ्याच असतात, आणि जवळपास फळणारे झाड उभे असेल तर त्यांना परत येण्यास फारशी मदत लागत नाही. सदाहरित आणि निमसदाहरित रानात मात्र बहुसंख्य वृक्षांनी आपले बी गरात गुंडाळून प्राण्यांच्या स्वाधीन केलेले असते. ही व्यवस्था झाडाला महागात पडते, कारण गर तयार करायला साखर आणि मेद खर्चावे लागतात, तरीही ती टिकून राहिली आहे. त्याचे एक कारण डॅनियल जॅन्झन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये स्वतंत्रपणे मांडले. मातृवृक्षाखाली पडलेल्या बियांवर त्या जातीचे कीटक, बुरशी आणि बी खाणारे प्राणी एकवटतात, त्यामुळे झाडापासून दूर गेलेल्या बीला जगण्याची संधी अधिक मिळते. दूर नेणारा कोणी नसेल तर झाड भरभरून फळले तरी त्याच्या वंशाला पुढे वाट राहत नाही.

सह्याद्रीत हे वाहक कोण आहेत आणि कोणता वाहक कोणते बी नेऊ शकतो, हे नीट पाहिल्याशिवाय पुनरुज्जीवनाचा कोणताही आराखडा अपुरा राहतो. शिपाई बुलबुल आणि लालबुड्या बुलबुल हे गावकुसापासून रानाच्या काठापर्यंत सर्वत्र वावरतात आणि उघड्या जागेवर उतरायला कचरत नाहीत. पण त्यांच्या चोचीची फाक लहान असल्यामुळे भोमा, चांदाडा, अंजनी आणि नाना जातींचे उंबर-वड यांचे छोटे बीच ते गिळू शकतात. कुटुर्गा आणि कोकिळ यांची मजल थोडी पुढची आहे. रात्रपाळीचे काम वटवाघळे आणि उदमांजर करतात: वटवाघूळ फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन खाते आणि उडता उडता विष्ठेतून बारीक बी टाकत जाते, त्यामुळे ज्या मोकळ्या पट्ट्यावर पक्षी बसायला तयार नसतात तेथेही बी पडते, उदमांजर भेर्ली माडाची फळे खाऊन त्याचे टणक बी अखंड बाहेर टाकते. मोठ्या बियांची गोष्ट मात्र वेगळी आहे. रामपत्रीसारख्या रानजायफळाच्या कुळातील वृक्षांचे बी, धुपाचे बी आणि अशीच इतर जड फळे गिळून दूर नेणारे पक्षी म्हणजे धनेश आणि मोठ्या जातीची फळखाऊ रानकबुतरे, आणि त्यांतही महाधनेशाची जागा दुसरा कोणी भरून काढू शकत नाही. पश्चिम घाटात धनेशांच्या चार जाती आहेत: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि राखी धनेश. कोकणात ज्याला ककणेर म्हणतात तो कवड्या धनेश काजऱ्याची विषारी बी असलेली फळेदेखील खातो.

फळ खाणारा प्रत्येक प्राणी बी पेरतोच असे नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू बहुतांशी बियाच कुरतडून खातो, आणि राज्यपक्षी हरियल आपल्या पोटातील पेषणीत उंबर-वडाचे बारीक बी बऱ्याच अंशी भरडून टाकतो. जंगलाच्या व्यवहारात या दोघांचेही स्थान महत्त्वाचे आहे, परंतु एखाद्या रानात ते दिसले म्हणून तेथे बीजवहन सुरळीत चालले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. केंट रेडफर्ड यांनी 1992 साली झाडे शाबूत पण प्राणी संपलेले अशा वनांना रिकामे जंगल म्हटले होते. असे जंगल उपग्रहाच्या चित्रात निरोगी दिसते, पण त्यातील मोठ्या बियांचे वृक्ष आपल्या शेवटच्या पिढीत असू शकतात. 2022 मध्ये इव्हान फ्रिक आणि सहकाऱ्यांनी जगभरातील माहिती एकत्र करून दाखवले की सस्तन प्राणी आणि पक्षी घटल्यामुळे, बदलत्या हवामानानुसार जागा बदलण्याची प्राण्यांवर अवलंबून असलेल्या वनस्पतींची क्षमता सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाली आहे.

महाधनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातील नैसर्गिक ढोली लागते. वीण चालू असताना मादी तिचे तोंड चिखल-विष्ठेने लिंपून आत बसते आणि नर तिला व पिलांना फळे आणून भरवतो. ढोली मोठी असायची तर झाड मोठे हवे, आणि कोकणात असे बेहडे आणि सातविणी आज उरल्या आहेत त्या प्रामुख्याने देवरहाटीत, म्हणजे देवराईत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1976 साली पश्चिम घाटातील देवरायांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून देवराई हा जैवविविधतेचा ठेवा असल्याचे वारंवार सांगितले गेले आहे. त्यात एक गोष्ट जोडली पाहिजे. देवराई ही आसपासच्या मोडलेल्या रानासाठी बियांचे कोठार आहे आणि बी वाहणाऱ्यांचे घरही आहे. गोव्यातील सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या वृक्षांचा दलदलीचा तुकडा टिकून आहे. असा तुकडा पुसला गेला तर त्या जातींचे बी आणायचे कोठून, या प्रश्नाला कोणत्याही रोपवाटिकेकडे उत्तर नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतील जुने वृक्ष विकणे, किंवा स्वच्छतेच्या नावाखाली राईचा तळ झाडून रोपांसकट साफ करणे, याचे नुकसान म्हणूनच त्या राईपुरते राहत नाही. पलीकडच्या चार डोंगरांवर परत येऊ शकले असते ते रान त्यातून थांबते.

बियांचे कोठार आणि वाहक दोन्ही असले तरी उघड्या माळावर पक्षी उतरत नाहीत. त्यांना बसायला फांदी, लपायला सावली आणि थांबण्यासाठी काही खायला लागते. मेक्सिकोतील लोस टुक्स्टलास भागात सर्जिओ गेव्हारा आणि सहकाऱ्यांनी 1986 साली दाखवून दिले की चराऊ कुरणांत शिल्लक ठेवलेल्या एकेकट्या झाडांखाली जंगलातील वृक्षांची रोपे गोळा होतात, तर चार पावले पलीकडच्या गवतात ती जवळपास नसतात. त्याआधी 1974 मध्ये कॅनडातील ह्युरॉन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर काम करताना यारँटन आणि मॉरिसन यांनी झुडपांच्या एकेका पुंजक्याभोवती इतर जाती जमतात, पुंजके पसरतात आणि शेवटी एकमेकांना मिळतात, ही प्रक्रिया वर्णन केली होती. सह्याद्रीच्या उतारावर करवंदाच्या जाळीतून वर आलेले जांभळाचे रोप ज्याने पाहिले आहे त्याला हे नवे वाटणार नाही: काटेरी जाळी गुरांना आत येऊ देत नाही, तिची फळे पक्ष्यांना बोलावतात, आणि पक्ष्यांनी टाकलेले बी तिच्याच सावलीत रुजते.

या निरीक्षणाचे पद्धतीत रूपांतर करण्याचे सर्वांत काटेकोर काम दक्षिण कोस्टा रिकात झाले. कॅरेन होल आणि रकान झहावी यांनी 2004 पासून लास क्रूसेस संशोधन केंद्राच्या परिसरात, शेती आणि गुरचराईने थकलेल्या जमिनींवर, प्रत्येकी 50 मीटर लांब-रुंद तुकडे आखले. एका तुकड्यात नेहमीसारखी सलग लागवड केली, दुसऱ्यात काहीच लावले नाही, आणि तिसऱ्यात तीन आकारांची झाडांची बेटे लावली: 4, 8 आणि 12 मीटर बाजूंची. लावलेल्या चार जातींपैकी एक पांगाऱ्याच्याच वंशातली होती. बेटांच्या तुकड्याला सलग लागवडीच्या सुमारे पाव पट रोपे पुरली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बेटे आपल्या कडांनी पसरली आणि प्राण्यांनी आणलेले बी व त्यातून उगवलेली रोपे यांच्या बाबतीत सलग लागवडीच्या बरोबरीला आली. सर्वांत लहान बेटे मात्र पुरेशी ठरली नाहीत, पक्षी त्यांच्याकडे फारसे वळले नाहीत आणि त्यांतली काही टिकलीही नाहीत. काहीच न लावलेल्या तुकड्यांचे निकाल जागेगणिक इतके बदलले की त्यांवरून सरसकट नियम काढता आला नाही. या प्रयोगाची आणखी एक नोंद सह्याद्रीसाठी फार मोलाची आहे: तिन्ही प्रकारच्या तुकड्यांत जुन्या जंगलातील मोठ्या बियांचे वृक्ष फारच कमी आले.

येथून पुनरुज्जीवनाचे दोन भाग वेगळे होतात. लहान बियांच्या जाती आणण्याचे काम पक्ष्यांवर सोपवता येते, त्यासाठी बेटे लावणे पुरेसे आहे. पांगारा, वड, पायर यांच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तर त्या धरतात, आणि कोकणातील शेतकरी कुंपणासाठी हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. अशा फांद्यांना जांभूळ, आसाणा, भोमा, चांदाडा यांची जोड दिली तर पक्ष्यांना विसावा आणि खाद्य दोन्ही मिळते. मोठ्या बियांच्या जाती मात्र माणसानेच न्यायला हव्यात, निदान महाधनेश पुन्हा त्या भागात फिरू लागेपर्यंत. तमिळनाडूतील अनामलाई डोंगरात, वालपारईच्या चहा-कॉफीच्या मळ्यांमधील जंगलांच्या तुकड्यांवर दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी या शतकाच्या सुरुवातीपासून हे काम केले आहे. जवळच्याच रानातील बी गोळा करून रोपवाटिकेत वाढवणे, तणे काढणे आणि अनेक स्थानिक जातींची मिश्र लागवड करणे अशी त्यांची रीत आहे. तेथील तुलनेतून असेही दिसले की सलग जंगलापासून तुकडा जितका दूर, तितका लागवडीचा फायदा जास्त. जंगलाला लागून असलेली जागा स्वतः सावरू शकते; एकाकी पडलेल्या जागेला मात्र हात द्यावा लागतो. लागवडीच्या जागा निवडताना हा एक नियम पाळला तरी निम्मे श्रम वाचतील.

अलीकडे लोकप्रिय झालेल्या बीजगोळ्यांबद्दलही या कसोटीवर बोलले पाहिजे. मातीच्या गोळ्यात बी भरून डोंगरावर टाकण्यामागची भावना चांगली आहे, पण ज्या बिया वाळून मरतात त्या महिनाभर आधी तयार केलेल्या गोळ्यात जिवंत राहत नाहीत, आणि ज्या टिकतात त्या रुजल्या तरी उंच गवतात आणि पुढच्या उन्हाळ्यातील वणव्यात टिकतीलच असे नाही. जांभळाचे ताजे बी पहिल्या पावसात करवंदाच्या जाळीखाली टोचणे हे काम कमी दिखाऊ असले तरी अधिक खात्रीचे आहे.

वाहक निवड करीत नाहीत, ही गोष्टही लपवून चालणार नाही. जे बुलबुल भोम्याचे बी आणतात तेच घाणेरीचेही आणतात, आणि वाऱ्यावर सातविणीच्या सोबत रानमोडीही येते. म्हणून पहिल्या काही वर्षांत बेटांभोवतीची परकी झुडपे हाताने काढत राहणे हे खर्चाचे आणि कंटाळवाणे काम टळत नाही. गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर लवकर हिरवा करण्याचा मोह सोडून देणेही त्याच कामाचा भाग आहे, कारण या झाडांना गराची फळे नाहीत आणि धनेशाला किंवा कुटुर्ग्याला तेथे थांबायला काही कारण राहत नाही.

बी पोचले तरी ते जगण्याची अट उरते, आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावर तर तीच मुख्य अट आहे. दरवर्षी फेब्रुवारी ते मे या काळात, नवे गवत जोमाने यावे म्हणून लावलेली किंवा निष्काळजीपणे लागलेली आग, पावसाळ्यात उगवलेली वीतभर रोपे एका तासात नाहीशी करते, आणि अशी दहा वर्षे गेली की तेथे बी कितीही पडले तरी गवताखेरीज काही दिसत नाही. कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात जॅन्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परकी गवते माजलेल्या कुरणांवर सर्वांत आधी आग थांबवली. वाऱ्याने आणि प्राण्यांनी आणलेल्या बियांना त्यानंतर वाट मिळाली आणि तेथील कोरडे जंगल मोठ्या क्षेत्रावर परतले. फिलिपिन्समध्ये साहाय्यित पुनरुत्पादन नावाची साधी पद्धत रुळली. तीत उंच गवतात आधीच असलेली झाडांची रोपे शोधून त्यांना काठीने खूण करतात, भोवतीचे गवत फळीने दाबून आडवे करतात, जेणेकरून ते पुन्हा लवकर उठत नाही आणि पेटले तरी आग धीमी राहते, आणि जागेभोवती आग अडवणारी जाळरेषा काढतात. नवीन रोप जवळजवळ लावावे लागत नाही. हिवरे बाजार आणि राळेगण सिद्धी या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून जे साधले त्यातही या तत्त्वाचा मोठा वाटा आहे.

प्रत्येक उघडी जागा रानासाठी नाही, हेही स्पष्ट असले पाहिजे. कोकणातील जांभ्याचे सडे आणि सोलापूर-नान्नजच्या परिसरातील माळराने ही मोडलेली जंगले नाहीत. त्यांची स्वतःची वनस्पती आणि स्वतःचे प्राणी आहेत. नान्नजचे अभयारण्य 1979 साली माळढोकासाठी राखले गेले, आणि माळढोकाला झाडे नकोत, गवत हवे. तेथे खड्डे खणणे म्हणजे पुनरुज्जीवनाच्या नावाने एक परिसंस्था मोडणे होय.

काळाबद्दलची अपेक्षाही दुरुस्त करावी लागेल. लौरेन्स पूर्तर आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी 2021 मध्ये उष्णकटिबंधातील परत उगवलेल्या जंगलांचा आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की वीस वर्षांत अशी जंगले सरासरीने जुन्या जंगलाच्या सुमारे 78 टक्क्यांपर्यंत सावरतात. माती दहा वर्षांच्या आत सुधारते, पण जातींची मूळ रचना परत यायला 120 वर्षांहून अधिक काळ लागतो. या मुदतीत एका पावसाळ्यातील रोपांची मोजणी काहीच सांगत नाही. पाचव्या वर्षी तेथे न लावलेल्या किती जातींची रोपे आपणहून आली आहेत, हा मोजायचा आकडा आहे, आणि सरकारी वा खासगी निधी देणाऱ्यांनी तो मागितला पाहिजे. कोकणातील मालकी रानाच्या बाबतीत तर मालकाने तोड पुढे ढकलली तर त्याला त्या वर्षांचा मोबदला मिळण्याची सोय झाल्याशिवाय फळे धरणारी झाडे उभीच राहणार नाहीत.

दिवाळीनंतर डोंगरावरचे गवत वाळू लागते. ज्या गावाला, ज्या रानमालकाला किंवा ज्या संस्थेला पुढच्या पावसाळ्यात झाडे हवी आहेत, त्यांनी रोपांची मागणी नोंदवण्याआधी दोन कामे याच हिवाळ्यात करावीत: आपल्या उतारावर गवतात आधीच कोणकोणती रोपे उभी आहेत ते फिरून पाहून त्यांना खुणा कराव्यात, आणि वणव्याचे दिवस सुरू होण्यापूर्वी, जानेवारी संपायच्या आत, त्या रोपांभोवती जाळरेषा काढून घ्यावी.